केस गेल्यावर हेल्मेटच्या आत काय घालावं?

प्रश्न असा आलाय: कॅन्सरवरच्या केमोमुळे डोक्यावरचे सगळे केस गेले, भुवयाही विरळ झाल्या. कामावर जायला-यायला रोज दुचाकी आणि डोक्यावर पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट. आतलं अस्तर थेट कातडीला लागून काचतं, घाम सरळ डोळ्यांत उतरतो. स्कार्फ बांधला तर हेल्मेट वर उचलल्यासारखं बसतं आणि काढताना स्कार्फ हेल्मेटसोबत निघून येतो, तेही चारचौघांत. मग आत घालायचं काय? आणि विगवर हेल्मेट चालतं का?

केस गेलेल्या डोक्यांसाठी टोप्या शिवणं आणि विग बसवून देणं हे माझं काम. त्यामुळे हेल्मेटचा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो, आणि विचारणारे फक्त केमो घेतलेलेच असतात असं नाही. चाई पडलेले, आनुवंशिक टक्कल असलेले, सायकल चालवणारे, बांधकामावर सेफ्टी हेल्मेट घालणारे, स्केटिंगला जाणारी मुलं, सगळे असतात. सगळ्यांना मी आधी एकच सांगते: टोपी जितकी पातळ तितकी बरी, आणि टोपी ठरली की हेल्मेटचं माप त्या टोपीसकट नव्याने तपासायचं. लोक नेमकं उलट करतात. डोक्याला टोचतं म्हणून जाड, मऊ, गुबगुबीत काहीतरी शोधतात आणि मग त्या जाडीमुळेच हेल्मेट वर चढतं, कपाळ उघडं पडतं, कानशिलं ठणकायला लागतात.

हिशोब करून बघा. डोक्याभोवती सगळीकडून २ मिलिमीटर जाडीचं कापड आलं तर घेर साधारण सव्वा सेंटिमीटरने वाढतो. हेल्मेटच्या एका मापात आणि पुढच्या मापात बहुतेक वेळा १ ते २ सेंटिमीटरचाच फरक असतो. म्हणजे एका जाड टोपीने तुम्ही जवळजवळ एक माप खाऊन टाकलंत. बनियनच्या कापडासारखं पातळ होजिअरी कापड साधारण अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं असतं, त्याने घेर जेमतेम ४ मिलिमीटर वाढतो. एवढं आतलं अस्तर सहज सामावून घेतं. तुमचा स्कार्फ का जमला नाही तेही यात आलं. तिकोनी घडी घातली की आधीच दोन पदर, कपाळाजवळ चुण्या, आणि मागे गाठ. गाठ येते ती डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, म्हणजे जिथे हेल्मेट सगळ्यात घट्ट धरतं तिथेच. मग हेल्मेट मागून उचललं जातं आणि पुढे कलतं. स्कार्फच बांधायचा असेल तर गाठ हेल्मेटच्या कडेखाली, मानेच्या खळग्यात यायला हवी आणि टोकं आत खोचलेली हवीत. दुचाकीवर लोंबती टोकं नकोतच.

आता केस नेमकं काय काम करत होते ते समजून घेऊ, म्हणजे टोपीकडून काय मागायचं ते कळेल. केस म्हणजे कातडी आणि अस्तर यांच्यामधला एक सरकता थर होता. हेल्मेट घालताना, काढताना, मान वळवताना जे घर्षण होतं ते केसांवर व्हायचं. घाम केसांत पसरायचा आणि हळूहळू वाळायचा. ऊन आणि गार वारा थोडा अडायचा. हे सगळं गेल्यावर उरते ती ओली कातडी आणि तिला चिकटणारं अस्तर. कोरड्या कातडीपेक्षा दमट कातडीवर कापड जास्त अडकतं, त्यामुळे पहिली दहा मिनिटं बरं वाटतं आणि घाम आला की काचायला सुरुवात होते. टोपीचं काम म्हणजे हा गेलेला थर परत देणं. हेल्मेट सैल झालं म्हणून तिने भर घालणं हे तिचं काम नाही.

हेल्मेट सैल होतंच, हे मात्र खरं. दाट केस गेले की डोक्याचा घेर कमी होतो, आणि जे हेल्मेट केसांवर चपखल बसत होतं ते आता डुगडुगतं. त्यावर उपाय म्हणजे जाड पॅड. बऱ्याच कंपन्या त्याच हेल्मेटसाठी वेगवेगळ्या जाडीचे गालाचे आणि माथ्याचे पॅड देतात. सायकलच्या हेल्मेटला मागे आवळायची चकती असते. यातलं काही जमत नसेल तर एक माप लहान हेल्मेट घ्या. बाहेरून आणलेला स्पंज आत चिकटवणं, टॉवेलची घडी घालणं, दोन टोप्या एकावर एक घालणं, हे प्रकार करू नका. धडक झाली तर जोर शोषून घ्यायचं काम आतला थर्माकोलचा जाड थर करतो, आणि तो करण्यासाठी हेल्मेट डोक्यावर जागच्या जागी राहायला हवं.

तपासायची पद्धत सोपी आहे. टोपी घाला, हेल्मेट घाला, पट्टा लावा. दोन्ही हातांनी हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची आणि गालांची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं तर ते सैल आहे, किंवा टोपी फार गुळगुळीत आहे. मग मागच्या कडेला बोटं घालून हेल्मेट वर आणि पुढे ढकला, ते डोक्यावरून निघता कामा नये. आणि शेवटी ते अर्धा तास घालून घरातच बसा. काढल्यावर कपाळावर हलका लाल पट्टा दिसेल, तो थोड्या वेळात गेला तर ठीक. अर्ध्या तासानंतरही एखाद्या जागी ठळक वळ राहिला, किंवा बोट लावल्यावर दुखलं, तर तिथे टोपीची शिवण येते का ते आधी बघा. शिवण नसेल तर हेल्मेटचा आकारच तुमच्या डोक्याचा नाही. काही डोकी पुढून मागे लांबट असतात, काही गोल. आणि हेल्मेटंही तशीच वेगवेगळ्या घडणीची येतात. केस असताना हा फरक लपून जातो.

कापडाबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि जाहिरातींमुळे सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच असतो. सुती होजिअरी मऊ असते, बहुतेकांच्या कातडीला सोसते, पण घाम पिऊन ओली राहते. छोट्या अंतरासाठी ती उत्तम. तास-दीड तासाच्या प्रवासात ती ओलीकच्च होते आणि हेल्मेट काढल्यावर वारा लागला की उघड्या डोक्याला हुडहुडी भरते. मोडाल (लाकडाच्या लगद्यापासून काढलेला मऊ धागा) आणि बांबू म्हणून विकलं जाणारं कापड सुतीपेक्षा गुळगुळीत आणि अंगाबरोबर पडणारं असतं. बांबूचं म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कोजच असतं. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढतात. त्यामुळे ‘नैसर्गिकरीत्या जंतुनाशक’ वगैरे दाव्यांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका, मऊपणासाठी घ्यायचं तर जरूर घ्या. खेळाच्या टोप्यांचं पॉलिएस्टर घाम पटकन पसरवतं आणि लवकर वाळतं. घाम फार येत असेल तर मी तेच देते. पण नुकत्याच हुळहुळ्या झालेल्या टाळूला ते कधी कधी खरखरीत लागतं. शिवाय गडद निळ्या-काळ्या कृत्रिम कापडातल्या काही रंगांची कातडीला ॲलर्जी येऊ शकते, म्हणून पहिली टोपी फिक्या रंगाची घ्या आणि वापरण्यापूर्वी धुवा. बारीक मेरिनो लोकर थंडीत फार छान. ओली झाली तरी गारठत नाही आणि वास धरत नाही. मात्र धागा खरोखर बारीक हवा, साधारण १८ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा किंवा त्याहून कमी. नाहीतर ती टोचते, आणि उघड्या टाळूला तर दुप्पट टोचते.

रेशीम आणि सॅटिन हा वेगळा विषय आहे. झोपताना सॅटिनची टोपी चांगली म्हणून लोक तीच हेल्मेटमध्ये घालतात. कातडीला ती छान वाटते, पण दोन्ही बाजू गुळगुळीत असल्या की हेल्मेट सरकतं. मान झटकन वळवली तर हेल्मेट अर्धा क्षण मागे राहतं आणि काचेची कड डोळ्यांसमोर येते. यावर कुणीतरी हमखास सांगतं की काही हेल्मेटच्या आत मुद्दाम सरकता थर दिलेला असतो, तो तिरक्या धडकेत १०-१५ मिलिमीटर सरकून डोक्याला बसणारा पीळ कमी करतो, मग रेशमी टोपी तेच करेल की! तसं धरून चालू नका. तो थर त्या हेल्मेटसकट तपासलेला असतो, तुमची टोपी नसते. सॅटिन हवंच असेल तर आतून सॅटिन आणि बाहेरून साधी होजिअरी असं पातळ दुपदरी शिवून घ्या, आणि वरची फिरवून बघायची चाचणी त्यावर करा.

कापडाइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची आहे ती काट, म्हणजे टोपी कशी कापून जोडली आहे ते. बाजारातल्या बऱ्याच टोप्या चार किंवा सहा पाकळ्यांच्या असतात. सगळ्या पाकळ्यांच्या शिवणी माथ्यावर एका ठिकाणी मिळतात आणि तिथे वाटाण्याएवढा गोळा तयार होतो. केसांवर तो जाणवत नाही. उघड्या माथ्यावर हेल्मेटचं वजन नेमकं त्या गोळ्यावर येतं आणि वीस मिनिटांत तेवढाच एक बिंदू पेटल्यासारखा दुखू लागतो. मी हेल्मेटसाठी टोपी शिवते ती तीन तुकड्यांची. कपाळापासून मानेपर्यंत जाणारी मधली लांब पट्टी आणि दोन बाजू. शिवणी माथ्याच्या दोन्ही अंगांनी समांतर जातात, कुठेही एकमेकींना मिळत नाहीत. शिवण फ्लॅटलॉकची, म्हणजे कापडाच्या कडा एकमेकींवर चढवून सपाट शिवलेली. घरच्या मशीनवर फ्लॅटलॉक जमत नाही, तेव्हा साधी ओव्हरलॉक टोपी (कडा दोऱ्याने गुंडाळून शिवलेली) उलटी घाला. शिवण बाहेर, गुळगुळीत बाजू कातडीला. हेल्मेटच्या आत उलटी टोपी कुणाला दिसत नाही आणि तिने पडणारा फरक खूप मोठा आहे. लेबल कापून टाका. नुसतं कापून थांबू नका, त्याचे टाके उसवून काढा, कारण उरलेलं टोक मूळ लेबलपेक्षा जास्त टोचतं.

कड कशी आहे तेही बघा. बारीक इलॅस्टिक घातलेली कड कपाळावर खोल वळ उठवते. त्यापेक्षा त्याच कापडाची ३-४ सेंटिमीटर रुंद दुमडलेली पट्टी बरी. टोपी न ताणता मोजली तर तिचा घेर डोक्याच्या घेरापेक्षा साधारण आठ-दहा टक्के कमी हवा. ५६ सेंटिमीटरच्या डोक्याला ५१ सेंटिमीटरच्या आसपासची टोपी, त्यात थोडं स्पॅन्डेक्स, म्हणजे ताणला जाणारा धागा. याहून आवळ घेतलीत तर डोकं भणभणतं, सैल घेतलीत तर चुणी पडते, आणि हेल्मेटच्या आतली एक चुणी शिवणीइतकीच त्रास देते. आणि खोली पुरेशी हवी. तयार टोप्या बहुधा केस असलेल्या डोक्यासाठी कापलेल्या असतात, त्या मागे डोक्याच्या मध्यावरच संपतात. तुम्हाला ती मानेपर्यंत उतरणारी हवी, नाहीतर हेल्मेट घालताना ती वर गोळा होते.

पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटसाठी माझी पहिली पसंती पातळ बॅलाक्लाव्हाला, म्हणजे डोकं, कान, हनुवटी झाकून गळ्यापर्यंत येणाऱ्या टोपीला. हेल्मेट डोक्यावरून खाली ओढताना ती सरकत नाही, कानांवर घासत नाही, आणि काढताना निघून येत नाही, कारण ती गळ्यात अडकलेली असते. पहिल्यांदा घातल्यावर काहींना घुसमट होते. त्यांच्यासाठी नाक-तोंड पूर्ण मोकळं ठेवणारी किंवा हनुवटीखालून जाणारी असते. उन्हाळ्यात मात्र गळ्याभोवतीचं कापड नको वाटतं, तेव्हा मानेपर्यंतची साधी टोपी आणि मागे एक बारीक नाडी. नाडी गाठीची नको, सपाट हवी, आणि ती हेल्मेटच्या कडेखालीच राहायला हवी. चष्मा असेल तर कान झाकणारी टोपी घेताना दांड्या कुठून जाणार ते आधी बघा. दांडीखाली कापडाची घडी आली की कानामागे दुखतं. मी दांड्या कातडीवर, टोपीच्या आतून घालायला सांगते, आणि कापड वरून सपाट करायला.

घामाचं काय? भुवया विरळ झाल्या की कपाळावरून उतरणारा घाम अडवायला काही उरत नाही. पापण्याही गेल्या असतील तर धूळ आणि वारा थेट डोळ्यांना लागतो, तेव्हा हेल्मेटची काच खाली ठेवणं किंवा बाजूने बंद असणारा चष्मा घालणं गरजेचं. टोपीची पुढची कड हेल्मेटच्या कडेपेक्षा अर्धा सेंटिमीटर खाली येऊ द्या. तेवढं कापड हवेत राहतं, तिथून घाम उडतो आणि आतून नवा घाम तिकडे ओढला जातो. पूर्ण आत झाकलेलं कापड कितीही चांगलं असलं तरी घाम जाणार कुठे? टॉवेलच्या कापडाचे जाड घामपट्टे कपाळावर भर घालतात आणि हेल्मेट वर चढवतात, म्हणून ते नकोत. सिलिकॉनची बारीक रेघ असलेले पातळ पट्टे मिळतात, ते घाम कानशिलांकडे वळवतात. ते हेल्मेटच्या कडेखाली, मोकळ्या कपाळावर बसत असतील तरच घ्या. हेल्मेटने दाबले गेले तर त्या रेघेचा वळ उठतो. लांबच्या प्रवासात दुसरी कोरडी टोपी खिशात ठेवा आणि थांबलात की बदला. हा उपाय फार साधा वाटतो म्हणून कुणी करत नाही.

आता केमोबद्दल वेगळं, कारण तिथे वेळेप्रमाणे गरज बदलते. ज्या औषधांनी केस जातात त्यांत ते बहुधा पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात, आणि त्याच्या आधी काही दिवस टाळू हुळहुळी होते, केसांची मुळं दुखतात. त्या दिवसांत हेल्मेट अगदी नकोसं वाटतं. केस गळायच्या आधी ते मशीनने बारीक करून घेतले तर ओढ कमी होते. वस्तऱ्याने मात्र नको, कापलं तर जखम होते. त्यानंतर येतात ते खुंट. हे दिवस सगळ्यात वाईट, असं बहुतेक जण सांगतात. दोन मिलिमीटरचे खुंट अस्तराच्या लूपमध्ये वेल्क्रोसारखे अडकतात आणि हेल्मेट घालताना उलट दिशेने मुडपले जातात. गळालेले तुकडे टोपीत साठतात आणि सुईसारखे टोचतात. कपड्यांवरचे धागे काढायचा चिकट रोलर असतो ना, तो अगदी हलक्या हाताने डोक्यावरून फिरवला की सुटलेले खुंट निघून येतात. टोपीच्या आतूनही तो फिरवा. या काळापुरतं आतून सॅटिन किंवा मोडाल आणि बाहेरून होजिअरी हे जमून येतं. हेल्मेट घालताना टोपीची पुढची कड एका हाताने कपाळावर धरून ठेवा, म्हणजे टोपी आणि खुंट दोन्ही मागे ओढले जाणार नाहीत. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत लव यायला लागते, ती मऊ असते, तिचा त्रास नसतो.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, उपचार चालू असताना दुचाकी चालवावी का, हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना डोक्याला लागलेला साधा मारही महागात पडू शकतो, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना हेल्मेटने सोललेली छोटीशी जागाही पिकू शकते. थकवा, चक्कर आणि बोटांचा बधिरपणा हेही ब्रेक दाबताना आड येतात. डोक्यावर शस्त्रक्रिया झाली असेल किंवा टाळूवर रेडिएशन चालू असेल तर परवानगी मिळेपर्यंत हेल्मेट लागेल असं कुठलंच काम नको. तिथे टोपी बदलून भागत नाही. टाळूवर पू असलेल्या पुळ्या, अस्तराच्या रेषेत उठलेली खाजरी पुरळ, किंवा गुळगुळीत चकाकणारा, जळजळणारा चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पुरळ पट्ट्याखाली किंवा अस्तराच्या कडेलाच येत असेल तर चामडं कमावताना वापरलेलं क्रोमियम, रबर किंवा गोंद यांची ॲलर्जी असू शकते. चाचणी करून ते कळतं.

चाई असलेले हमखास विचारतात, हेल्मेटने वाढेल का? नाही. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, त्यात हेल्मेटचा हात नाही. आनुवंशिक टकलाचंही तेच. हेल्मेटने नुकसान होतं ते उरलेले केस ताणून घट्ट बांधले आणि रोज त्यावरच हेल्मेट चढवलं तर. ती ओढ मुळांना पडते आणि वर्षानुवर्षं चालली तर केस कायमचे जाऊ शकतात. टाळूला मिनॉक्सिडिल (केस वाढण्यासाठी लावायचं औषध) लावत असाल तर ते पूर्ण वाळल्याशिवाय टोपी घालू नका. ते कापडात जातं, शिवाय त्यातलं अल्कोहोल कोंडून राहिलं की आग होते.

विगबद्दल मी थोडी कडक आहे. पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटखाली विग नको. विगच्या आत पट्ट्या, जाळी, कधी कधी धातूच्या क्लिपा असतात. क्लिप म्हणजे कवटी आणि हेल्मेट यांच्यामधला कडक बिंदू, मार बसला तर तो आत रुतेल. विग सरकला की त्याच्यासोबत हेल्मेटही सरकतं. आणि विगचंही वाटोळं होतं. कृत्रिम केस उष्णतेने आणि घासण्याने मानेजवळ गुंतून लोकरीसारखे होतात, ते पुन्हा सरळ होत नाहीत. बहुतेक जणी हेल्मेटखाली टोपी घालतात आणि विग जाळीत घालून डब्यात नेतात, पोहोचल्यावर बदलतात. ज्यांना रस्त्यातही केस दिसायला हवे असतात त्यांना मी वेगळी टोपी करून देते: पातळ टोपीच्या मागच्या कडेला, कानापासून कानापर्यंत, केसांची एकच ओळ शिवलेली. हेल्मेटच्या आत फक्त कापड असतं आणि केस त्याच्या कडेखालून बाहेर येतात. मागून बघणाऱ्याला काही कळत नाही. केसांची ती ओळ हेल्मेटच्या कडेच्या आत शिरली तर सगळा उपयोग गेला, म्हणून ती हेल्मेट घालून खूण केल्यावरच शिवायची. पुढे कपाळावर अशीच बट लावता येते, पण काचेत अडकते. मला ती फारशी आवडत नाही.

इतर हेल्मेटांचं थोडक्यात. सायकलच्या हेल्मेटला भोकं असतात आणि उघड्या डोक्यावर त्या भोकांच्या आकाराचे उन्हाचे पट्टे उठतात, कधी कधी चांगले भाजलेले. पातळ, घट्ट विणीची टोपी तिथे उन्हासाठीसुद्धा हवी. सनस्क्रीन लावायचं तर ते कातडीत जिरल्यावर हेल्मेट घाला. काही क्रीम, आणि विशेषतः डीट असलेली डास पळवायची औषधं, हेल्मेटच्या प्लॅस्टिकला बाधतात. कामाच्या ठिकाणच्या सेफ्टी हेल्मेटमध्ये कवच आणि डोकं यांच्यात पट्ट्यांच्या जाळीने पोकळी सोडलेली असते. ती पोकळी म्हणजेच संरक्षण आहे, त्यात रुमाल किंवा घडी केलेली टोपी कोंबायची नाही. चोच असलेली टोपी आत घालायची नाही. वेल्डिंग किंवा ठिणग्यांचं काम असेल, विजेचं काम असेल, तर पॉलिएस्टर आणि स्पॅन्डेक्स बाद. ते वितळून कातडीला चिकटतं. तिथे शुद्ध सुती किंवा आगरोधक कापडाचीच टोपी. मोटर रेसिंगमधले चालक अ‍ॅरामिड या आग न धरणाऱ्या धाग्याचे बॅलाक्लाव्हा घालतात ते याचसाठी.

टोप्या किमान तीन ठेवा आणि रोज धुवा, साध्या सौम्य साबणाने, नीट खळबळून. कपडे मऊ करायचं द्रव्य वापरू नका. त्याचा लेप धाग्यांवर बसतो आणि कापड घाम शोषेनासं होतं. हेल्मेटचं अस्तर निघत असेल तर तेही धुवा, कारण केस नसताना टाळूची तेलकटी थेट त्यातच जाते. पेट्रोल, थिनर असल्या गोष्टींनी हेल्मेट आतून-बाहेरून कधीच पुसायचं नाही.

आता राहिलं चारचौघांत टोपी निघून येणं. ती निघते कारण घामाने टोपी अस्तराला चिकटलेली असते आणि हेल्मेट आपण सरळ वर खेचतो. तसं न करता बक्कल सोडा, दोन्ही पट्टे हातात धरून बाहेरच्या बाजूला ताणा म्हणजे गालाचे पॅड सैल होतील, आणि हेल्मेट मागून उचलून पुढच्या बाजूला, जणू नमस्कार करताना वाकल्यासारखं, काढा. अगदी शेवटी एक हात मोकळा करून टोपीची मागची कड मानेवर दाबून धरा. बॅलाक्लाव्हा असेल तर तेवढंही करावं लागत नाही. घरी आरशासमोर ही हालचाल हाताला बसेपर्यंत करा. मुलांना तर मी टोपी देतानाच ती करून दाखवायला लावते, कारण मुलं हेल्मेट टाळतात ती काचण्यापेक्षा या एका क्षणाला घाबरून. तुमच्या बाबतीत मी आधी पातळ मोडालचा बॅलाक्लाव्हा, उलटा घालून, आणि त्यासोबत जाड गालपॅड, इतकंच करून बघेन. नवं हेल्मेट घ्यायचा विचार त्यानंतर.